लघु-गुरूपासून ट्युरिंग यंत्रापर्यंत: संगणनाची अमूर्त प्रतिमाने वहीवर कशी बांधावीत

यंत्राला बुद्धी असू शकते का, यावर मत देणे सोपे आहे. परंतु ज्या यंत्राबद्दल आपण बोलत आहोत ते किती लक्षात ठेवू शकते, उत्तर देण्यापूर्वी किती पावले चालू शकते आणि त्याला चालवणारे नियम कोणी लिहिले, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्या मताला फारसे वजन येत नाही. संगणनाची अमूर्त प्रतिमाने म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच नेमकी ठरवून घेतलेली, कागदावरची यंत्रे होत. ती नुसती वाचून नीट कळत नाहीत, स्वतःच्या हाताने चालवावी लागतात, आणि म्हणूनच हा लेख वही उघडून वाचावा अशी विनंती आहे. चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर आणि चौकटीवर ठेवून सरकवता येईल असे एखादे शर्टाचे बटण, एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

पहिली पायरी: वृत्त ओळखणारे यंत्र

सुरुवातीला यंत्राची वर्णमाला फक्त दोन चिन्हांची ठेवू: लघू अक्षरासाठी ‘ल’ आणि गुरू अक्षरासाठी ‘गा’. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वाराचे अक्षर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो ते ऱ्हस्व अक्षरही गुरू, हा नियम शाळेत आपण शिकलेलो आहोत. भुजंगप्रयात वृत्ताच्या प्रत्येक चरणात चार य-गण, म्हणजे ‘लगागा’ चार वेळा, अशी बारा अक्षरे येतात. मनाच्या श्लोकांमुळे ही चाल बहुतेक मराठी कानांत पक्की बसलेली असते.

आता वहीवर तीन वर्तुळे काढून त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि बाजूला ‘खड्डा’ नावाचे चौथे वर्तुळ काढा. बटण वर्तुळ १ वर ठेवा. नियम असे: वर्तुळ १ वर असताना ‘ल’ आला तर २ वर जा, २ वर असताना ‘गा’ आला तर ३ वर जा, ३ वर असताना ‘गा’ आला तर १ वर परत या, याखेरीज काहीही आले तर खड्ड्यात जा, आणि खड्ड्यातून बाहेर येण्याची वाट नाही. अक्षरे संपली तेव्हा बटण वर्तुळ १ वर असेल तर ओळ मान्य, अन्यथा अमान्य.

‘कधी यंत्र हे मोजते चाल माझी’ ही ओळ चालवून पाहा. एकेका अक्षराला बटण एकदा सरकते आणि बाराव्या अक्षरानंतर ते बरोबर वर्तुळ १ वर येऊन थांबते. ‘मोजते’ऐवजी ‘मोजत’ लिहिले, तर आठव्या अक्षराला बटण खड्ड्यात जाते, आणि पुढची चारही अक्षरे निर्दोष असली तरी ओळ वाचत नाही.

या यंत्रात एक उणीव मात्र आहे, आणि ती वाचकाने स्वतः शोधावी असे मला वाटते: सहा, नऊ किंवा पंधरा अक्षरांची ओळही ते मान्य करते, कारण लगागा किती वेळा आले हे ते मोजतच नाही. नेमकी बारा अक्षरे हवी असतील, तर शून्यापासून बारापर्यंत तेरा वर्तुळे आणि एक खड्डा असे चौदा वर्तुळांचे यंत्र लागेल. चरणाच्या शेवटचे लघू अक्षर गुरू मानण्याची सवलत द्यायची असेल, तर अकराव्या अक्षरानंतरच्या वर्तुळातून ‘ल’ आला तरी पुढे जाणारा एक जादा बाण काढला की झाले. मोजायचे असेल तेवढी वर्तुळे आधीच काढून ठेवावी लागतात, ही या जातीच्या यंत्राची मर्यादा आहे. बटण कोणत्या वर्तुळावर आहे, याखेरीज त्याला दुसरी कोणतीही स्मृती नाही. प्रत्येक वर्तुळ म्हणजे यंत्राची एक अवस्था, आणि अवस्था मोजक्याच असल्यामुळे अशा यंत्रांना सांत अवस्थायंत्रे म्हणतात, आणि मायकेल रॅबिन व डेना स्कॉट यांनी १९५९ साली त्यांच्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यासाठी त्या दोघांना १९७६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

दुसरी पायरी: बाणांवर शक्यता लिहा

आतापर्यंतचे यंत्र फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत होते. त्याला बोलते करण्यासाठी कोणत्याही मराठी गद्याची सलग दोनशे अक्षरे घ्या, त्यांचे ल आणि गा मांडा आणि ‘ल’नंतर ‘ल’ किती वेळा आला, ‘ल’नंतर ‘गा’ किती वेळा, याप्रमाणे चारही जोड्या मोजा. मग दोन वर्तुळे काढून बाणांवर ही प्रमाणे लिहा आणि त्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून, एकेक चिठ्ठी उचलत पुढचे अक्षर ठरवा. जी ओळ तयार होईल तिला अर्थ नसेल, पण तिची ठेवण मूळ गद्यासारखी असेल. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव यांनी १९१३ साली पुश्किनच्या पद्यकादंबरीतील २०,००० अक्षरांवर स्वर आणि व्यंजनांची अशीच मोजणी केली होती, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हीच कल्पना इंग्रजी मजकुरावर वापरून पुढचे अक्षर सुचवणारी यंत्रणा वर्णन केली. आजच्या भाषिक प्रतिमानांचे, म्हणजे पुढचा शब्द सुचवत मजकूर लिहिणाऱ्या यंत्रणांचे, सर्वांत साधे पूर्वज ते हेच.

एकाऐवजी मागची तीन अक्षरे लक्षात ठेवायची असतील तर वर्तुळे किती लागतील? दोन चिन्हांच्या तीन जागा, म्हणजे आठ: य, म, त, र, ज, भ, न, स हे आपले आठ गण. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यातील कोणतीही सलग तीन अक्षरे घेतली की एक गण मिळतो आणि आठही गण प्रत्येकी एकदाच येतात. दुसऱ्या शब्दांत, आठ वर्तुळांच्या यंत्रावर प्रत्येक वर्तुळाला एकदाच भेट देणारी ती वाट आहे. गण पाठ करण्यासाठी केलेल्या या सूत्रात अवस्थायंत्राचा संपूर्ण प्रवास दडलेला आहे, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

पण चिन्हे पन्नास आणि स्मृती पाच अक्षरांची केली, तर वर्तुळे ३१ कोटी २५ लाख होतात. त्यांतील बहुतेकांवर मोजणीत बटण एकदाही येणार नाही, आणि जिथे बटण आलेच नाही तिथल्या बाणांवर काय लिहायचे हे कळणार नाही.

तिसरी पायरी: हे यंत्र कुठे अडते ते सिद्ध करा

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य अक्षरशः उलटे वाचले तरी तेच राहते. अशा विलोम रचना ओळखणारे सांत अवस्थायंत्र बांधण्याचा प्रयत्न थोडा वेळ अवश्य करावा, कारण ते का जमत नाही हे हाताला आधी कळले की सिद्धता आपली वाटू लागते.

सिद्धता अशी. समजा कोणी शंभर वर्तुळांचे यंत्र आणले आणि ते कोणत्याही लांबीची विलोम रचना ओळखते असा दावा केला. त्याला आधी एक ‘ल’ आणि मग ‘गा’ द्या, पुन्हा आरंभापासून दोन ‘ल’ आणि मग ‘गा’ द्या, असे एकशे एक ‘ल’पर्यंत करा. एकशे एक सुरुवाती आणि वर्तुळे शंभरच, तेव्हा कोणत्यातरी दोन वेगळ्या सुरुवाती एकाच वर्तुळावर येऊन थांबणार. त्या सात ‘ल’ची आणि चाळीस ‘ल’ची आहेत असे धरू. आता दोन्हींच्या पुढे सात ‘ल’ जोडा. पहिली रचना विलोम आहे, दुसरी नाही. पण बटण एकाच वर्तुळावरून निघाल्यामुळे यंत्र दोन्हींना एकच उत्तर देणार, म्हणजे एकदा तरी चुकणार. शंभराऐवजी एक कोटी वर्तुळे घेतली तरी युक्तिवादात काही बदलत नाही.

चौथी पायरी: पट्टी जोडा

१९३६ साली केंब्रिजमध्ये असलेल्या ॲलन ट्युरिंग यांनी सुचवलेला बदल दिसायला छोटा आहे. वर्तुळे मोजकीच ठेवायची, पण यंत्राला चौकटींची एक पट्टी द्यायची, जी हवी तेवढी वाढवता येते. यंत्र एका वेळी एकच चौकट पाहते, तीत लिहिते किंवा खोडते, आणि एक चौकट डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. कागदावर आकडेमोड करणारा माणूस नेमके काय करतो, याचे बारीक निरीक्षण करून ट्युरिंग यांनी हे यंत्र घडवले होते. त्या काळी इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठीच वापरला जाई.

वहीच्या एका ओळीत रचना लिहा, बटण पहिल्या अक्षरावर ठेवा आणि पुढील सहा अवस्था बाजूला लिहून घ्या.

‘आरंभ’ अवस्थेत चौकट रिकामी असेल तर रचना मान्य करून थांबा. ‘ल’ असेल तर तो खोडून उजवीकडे सरका आणि ‘ल-वाहू’ व्हा. ‘गा’ असेल तर तो खोडून उजवीकडे सरका आणि ‘गा-वाहू’ व्हा.

‘ल-वाहू’ अवस्थेत अक्षर दिसत आहे तोपर्यंत काही न बदलता उजवीकडे जात राहा. रिकामी चौकट लागली की डावीकडे एक पाऊल घेऊन ‘ल-तपास’ व्हा. ‘गा-वाहू’चेही तसेच, फक्त शेवटी ‘गा-तपास’.

‘ल-तपास’ अवस्थेत ‘ल’ दिसला तर तो खोडून डावीकडे सरका आणि ‘परत’ व्हा. ‘गा’ दिसला तर रचना अमान्य करून थांबा. चौकट रिकामी असेल तर मधले एकटे अक्षर संपले, म्हणून मान्य करून थांबा. ‘गा-तपास’मध्ये ल आणि गा यांची अदलाबदल करा.

‘परत’ अवस्थेत अक्षरे ओलांडत डावीकडे जा. रिकामी चौकट लागली की उजवीकडे एक पाऊल घेऊन पुन्हा ‘आरंभ’ व्हा.

‘ल गा ल’ ही रचना चालवून पावले मोजा. थांबण्याचे पाऊल धरून ती दहा भरली पाहिजेत. कमीजास्त झाली तर बहुधा रिकाम्या चौकटीवरचे पाऊल मोजायचे राहिले असेल. चार अक्षरांच्या विलोम रचनेला पंधरा पावले लागतात, बाराला एक्क्याण्णव आणि चोविसाला तीनशे पंचवीस. अक्षरांच्या संख्येत एक आणि दोन मिळवून येणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकार करून त्याचे निम्मे केले की पावले मिळतात. जे काम कोट्यवधी वर्तुळांना अशक्य होते ते सहा अवस्थांनी केले, आणि किंमत मोजली ती वेळेत. लांबी दुप्पट केली की पावले जवळजवळ चौपट होतात. संगणनाच्या कठीणतेचा सारा अभ्यास अशा मोजणीतून उभा राहिला आहे.

पाचवी पायरी: यंत्राचे नियमही पट्टीवर लिहा

आता एक गोष्ट लक्षात घ्या: आताच तुम्ही स्वतः एक यंत्र झाला होता. बाजूला लिहिलेले नियम वाचून, त्यांत सांगितले तसे बटण हलवत होता, आणि नियमांचा दुसरा तक्ता दिला असता तर तोही तितक्याच निष्ठेने चालवला असता. ट्युरिंग यांनी दाखवले की हे कामही एका ठरावीक यंत्राला करता येते. कोणत्याही यंत्राचा तक्ता चिन्हांत लिहून पट्टीवर ठेवला की वैश्विक यंत्र तो वाचून त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते. एकाच फोनवर हिशेब, नकाशे आणि संभाषण करणारे कार्यक्रम चालू शकतात, ते या कल्पनेमुळे.

याच कल्पनेतून मर्यादाही निघते. समजा, कोणताही तक्ता दिला असता तो चालवल्यावर कधीतरी थांबेल की नाही, हे अचूक सांगणारे एक परीक्षक यंत्र आपल्याजवळ आहे. मग त्याच्या आधारे एक ‘उलटे’ यंत्र बांधता येईल: दिलेला तक्ता स्वतःच्याच वर्णनावर थांबतो, असे परीक्षक म्हणाला तर उलटे यंत्र अखंड फिरत राहते, आणि थांबत नाही म्हणाला तर लगेच थांबते. आता उलट्या यंत्राला त्याचाच तक्ता द्या. परीक्षक काहीही म्हणाला तरी खोटा ठरतो, म्हणून असा परीक्षक असूच शकत नाही.

हे हाताला जाणवावे म्हणून टिबोर राडो यांनी १९६२ साली मांडलेले कोडे सोडवून पाहा: सगळीकडे शून्य असलेल्या पट्टीवर, मोजक्या अवस्थांचे यंत्र जास्तीत जास्त किती पावले चालून थांबू शकते? दोन अवस्थांचा विजेता असा आहे. ‘अ’मध्ये शून्य दिसले तर एक लिहून उजवीकडे, पुढे ‘ब’. एक दिसला तर तो ठेवून डावीकडे, पुढे ‘ब’. ‘ब’मध्ये शून्य दिसले तर एक लिहून डावीकडे, पुढे ‘अ’. एक दिसला तर तो ठेवून उजवीकडे सरकून थांबा. हे यंत्र सहा पावलांत चार एक लिहून थांबते. तीन अवस्थांना कमाल २१ पावले, चारांना १०७. पाच अवस्थांसाठी ४,७१,७६,८७० हा आकडा देणारे यंत्र १९८९ साली सापडले होते, पण त्याहून जास्त चालणारे नाही याची सिद्धता पूर्ण व्हायला २०२४ साल उजाडले. उरलेल्या प्रत्येक यंत्राबद्दल ते थांबते की नाही, हे वेगवेगळ्या युक्त्यांनी ठरवावे लागले. कितीही अवस्थांच्या सर्व यंत्रांना लागू पडणारी एकच युक्ती मिळणे शक्यच नाही.

या मर्यादेवरून माणसाची बुद्धी यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरते, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. ट्युरिंग यांनी १९५० च्या लेखात या आक्षेपाला उत्तर दिले होते, आणि ते मला पटते: यंत्राला ही मर्यादा आहे हे सिद्ध झाले आहे, परंतु माणसाला ती नाही हे कोणी सिद्ध केलेले नाही.

सहावी पायरी: तेच यंत्र न्यूरॉनांनी बांधा

१९४३ साली वॉरेन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील पेशीचे अगदी काटेकोर, साधे रूप मांडले. पेशीत काही तारा येतात, प्रत्येक तारेला भार असतो, चालू असलेल्या तारांच्या भारांची बेरीज उंबरठ्याएवढी किंवा अधिक झाली तर पुढच्या क्षणी पेशी पेटते, नाहीतर विझलेली राहते. दोन तारा, प्रत्येकीचा भार एक आणि उंबरठा दोन ठेवला की ‘आणि’ मिळते; उंबरठा एक केला की ‘किंवा’.

आता पहिल्या पायरीतील तीन वर्तुळांचे यंत्र घ्या आणि प्रत्येक वर्तुळाच्या जागी उंबरठा दोन असलेली एक पेशी ठेवा. दुसऱ्या पेशीत पहिल्या पेशीची तार आणि ‘ल’ची तार आणा, तिसरीत दुसऱ्या पेशीची आणि ‘गा’ची, पहिलीत तिसऱ्या पेशीची आणि ‘गा’ची. सुरुवातीला पहिली पेशी बाहेरून पेटवा. योग्य अक्षरे येत राहिली की ज्योत १, २, ३, १ अशी फिरत राहते, आणि चुकीचे अक्षर आले की सगळ्या पेशी विझतात. खड्ड्यासाठी वेगळी पेशी लागतच नाही. असे कोणतेही जाळे जे ओळखू शकते ते सांत अवस्थायंत्रही ओळखते, आणि उलटही खरे आहे, हे स्टीफन क्लीनी यांचे काम १९५६ साली प्रसिद्ध झाले. भार अपूर्णांकी ठेवले आणि अमर्याद अचूकता गृहीत धरली, तर मात्र फेऱ्या घालणारे मोजक्या पेशींचे जाळे ट्युरिंग यंत्राचीही नक्कल करू शकते, कारण लांबलचक पट्टी एका अपूर्णांकाच्या अंकांत साठवता येते. हे हावा सीगलमन आणि एदुआर्दो सोंटाग यांनी १९९० च्या दशकात दाखवले. प्रत्यक्षातल्या यंत्राला अमर्याद अचूकता नसते, म्हणून हा निष्कर्ष जपून वापरावा.

सातवी पायरी: तक्ता लिहू नका, शिकू द्या

इथपर्यंत प्रत्येक नियम आपण स्वतः लिहिला. ट्युरिंग यांनी १९४८ च्या, त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या अहवालात, आधी अव्यवस्थित असलेल्या आणि शिकवणीने व्यवस्थित होत जाणाऱ्या यंत्रांचा विचार मांडला होता, तर फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पर्सेप्ट्रॉनच्या रूपाने भार शिकण्याची एक नेमकी रीत दिली.

ती ‘किंवा’वर करून पाहू. दोन्ही भार आणि एक जादा स्थिरांक, तिन्ही शून्य घ्या. एकूण बेरीज शून्याहून जास्त झाली तर पेशी पेटते. उदाहरणे ००, ०१, १०, ११ या क्रमाने द्या. पेटायला हवी होती आणि पेटली नाही, तर चालू तारांचे भार आणि स्थिरांक एकाने वाढवा. उगाच पेटली तर एकाने कमी करा. पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन आणि तिसरीत एक दुरुस्ती होऊन दोन्ही भार एक आणि स्थिरांक शून्य यावर गाडी स्थिर होते. चौथ्या फेरीत चूक होत नाही.

मग ‘दोहोंपैकी नेमके एक’ हे शिकवून पाहा. दुरुस्त्या संपत नाहीत, आणि त्याचे कारण सहाव्या पायरीतील उंबरठ्याच्या भाषेत तीन ओळींत सांगता येते. दोन्ही तारा बंद असताना पेटायचे नाही, म्हणून उंबरठा शून्याहून मोठा हवा. एकेकटी तार पेटवते, म्हणून प्रत्येक भार किमान उंबरठ्याएवढा हवा. मग दोन्हींची बेरीज उंबरठ्याच्या दुप्पट तरी होणार, आणि दोन्ही तारा चालू असताना पेटायचे नाही ही अट मोडणार. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांनी १९६९ साली अशा मर्यादांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मध्ये पेशींचा आणखी एक थर घातला की अडचण सुटते, आणि अनेक थरांना शिकवण्याची रीत १९८० च्या दशकात रुळली.

आठवी पायरी: आजच्या भाषिक प्रतिमानाला हीच मोजपट्टी लावा

दुसऱ्या पायरीत कोट्यवधी वर्तुळांपाशी आपण अडलो होतो. आजची प्रतिमाने प्रत्येक मागच्या मजकुरासाठी वेगळे वर्तुळ ठेवत नाहीत. शिकलेल्या भारांच्या आधारे सारख्या संदर्भांना सारखे वागवतात, आणि म्हणून कधीही न दिसलेल्या ओळीपुढेही काही योग्य सुचवू शकतात. परंतु त्यांच्या थरांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे एक शब्दखंड, म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा, उमटवताना एकापाठोपाठ एक अशी मोजकीच पावले त्यांना चालता येतात. ज्या कामाला लांबीबरोबर वाढत जाणारी पावले खरोखर आवश्यक असतात, ते काम एका दमात होणार नाही. मधली पावले मजकुरात लिहू दिली, की तो मजकूर पट्टीचे काम करू लागतो. लिहिलेले पुन्हा वाचता येते आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवता येते. पट्टीची लांबी मात्र संदर्भमर्यादेने, म्हणजे प्रतिमान एका वेळी किती मजकूर पाहू शकते यावरून, बांधलेली असते.

एक प्रयोग करा. ल आणि गा यांची चोवीस अक्षरांची विलोम रचना लिहा, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडा, म्हणजे अनेक अक्षरे एकाच शब्दखंडात गुंडाळली जाणार नाहीत, आणि उजव्या अर्ध्यातील एक अक्षर बदला. प्रतिमानाला आधी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागा. मग नव्या संभाषणात चौथ्या पायरीतील सहा अवस्थांचे नियम देऊन प्रत्येक फेरीनंतरची पट्टी लिहायला सांगा. विलोम रचना समांतरपणेही तपासता येते, त्यामुळे पहिले उत्तर बरोबर येऊ शकते, आणि एका उत्तरावरून काही ठरवू नये. वेगवेगळ्या जागी अक्षर बदलून निदान वीस रचना द्याव्यात. दुसऱ्या प्रकारच्या उत्तरात कोणत्या फेरीला पट्टी पहिल्यांदा चुकली, हे आपल्या वहीतील त्याच फेरीच्या ओळीशी ताडून समासात लिहून ठेवावे.